पोरीला काय सांगू, सुदाम?

सुदाम, तुझ्या मायनं मला खोटं बोलायचं काम दिलं आहे, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडाला कोरड पडली आहे.

तू ऐकलं असतंस तर हसून ओट्यावरून खाली पडला असतास. ज्या शंकर मास्तरानं आर्णीच्या बाजारात एका शहाण्या माणसाला पटवून दिलं होतं की आमच्या विहिरीतल्या कासवाला पाढे येतात, फक्त सतराचा चुकतो, तो आज थापेवाचून बसला आहे. दुपारच्या बसनं सुजाता येते आहे. तुझा साळा तिला घाटंजीहून घेऊन निघालाही असेल. तू दवाखान्यात होतास तेव्हा तिला मामाकडं धाडलं, आणि तुला माती दिली त्या दिवशीही आणलं नाही. सहा वर्षांची पोर, तिले कायले दाखवता, असं वस्तीतले जाणते म्हणाले. तिला अजून काही म्हणजे काहीच माहीत नाही. ती उतरणार आणि विचारणार, बाबा कुठं आहे. त्याचं उत्तर द्यायला गावानं मला नेमलं आहे.

उत्तरसुद्धा ठरवून दिलं आहे. बाबा नागपूरला ट्रेनिंगला गेले. दिवाळीपर्यंत ते पुरेल, दिवाळीत दुसरं काढू. तुझी माय म्हणाली, "मास्तर, पोट्टे तुमचं ऐकतेत. तुम्ही सांगसान तं ते मानंल." वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

म्हणून पोरांना शुद्धलेखन घालून मी हे लिहीत बसलो आहे. तुझ्या वर्गातली पोरंही माझ्याच वर्गात कोंबली आहेत. दोन मास्तरांच्या शाळेत एक मास्तर उरला की काय होतं ते तुला सांगायला नको. चौथीतली पोरं पहिलीच्या पोरांच्या टोप्या खिडकीतून फेकताहेत आणि मी पाहिलं नाही असं करतो आहे. मला भांडायचं आहे, आणि भांडायला तूच लागतोस.

आपलं भांडण जुनं. ते पोपटापासून सुरू झालं.

पहिलीच्या वर्गात पिंजऱ्यात पोपट होता, तो एका सकाळी उताणा पडलेला सापडला. पोरं इतकी रडली की पाट्यांवरचे आकडे वाहून गेले. मी म्हटलं, रडता काहून बे, पोपट काही मेला नाही, तो कैरीत शिरला. पाहा बरं, कैरी हिरवी असते का नाही, तिची चोच वाकडी असते का नाही. पोरं गप्प. मी खूश. तू दारात उभा होतास. एवढंच म्हणालास, "आता कैरी कोन खाईल?"

आणि खरंच, त्या उन्हाळ्यात त्या वर्गातल्या एकाही पोरानं कैरीला दात लावला नाही. एका पोराच्या आईनं मला रस्त्यात गाठून विचारलं की मास्तर, लोणचं घालू का नको. मी तिला सांगितलं, पोपट फक्त शेंड्याकडच्या कैऱ्यांत गेला आहे, खालच्या खुशाल घाला.

तुझं म्हणणं, लेकराला गोष्ट सांगितली की ते वाट पाहत बसतं. माझं म्हणणं, लेकराला खरं सांगितलं की ते घाबरून बसतं. बरं काय, वाट पाहणं की घाबरणं? किती वर्षं आपण हे भांडलो. चिमणीच्या उजेडात पेपर तपासताना भांडलो, बैलगाडीत भांडलो, तुझ्या लग्नाच्या पंगतीत भांडलो, तिथं तर तू नवरदेव असून पत्रावळ सोडून भांडायला उठला होतास. निकाल लागला नाही. निकाल लागायच्या आत उठून जाणं ही तुझी खोड नव्हती, सुदाम.

पोपटानंतरच्या शनिवारी तू पोरांना नाल्याकडं नेलंस. पटवारी पिकाची करतो तशी पाहणी, असं म्हणालास, आणि तेच नाव पडलं. नाल्याकाठी बाभळीच्या बुडाशी मुंगूस मरून पडलं होतं. तू त्याच्याजवळ उकिडवा बसलास आणि पोरांना गोल बसवलंस. नियम तीनच. काठीनं टोचायचं नाही. आधी पाहायचं, मग विचारायचं. आणि शेवटी माती द्यायची. ज्याचं असेल त्यानं द्यायची, कोणाचंच नसेल तर सगळ्यांनी मूठमूठ. मुंगसाला लगेच दिली नाही, ते पुढचे काही शनिवार तसंच ठेवलं, वर काटे टाकून, कोल्ह्यानं नेऊ नये म्हणून.

मी लांब, नाकाला रुमाल लावून उभा. वास असा की वारा फिरला तर आर्णीचे दुकानदार दारं लावून घेत. पण पोरं हलली नाहीत. पहिल्यांदा मुंग्या आल्या. मग पोट फुगलं. मग काळे किडे, मग केस सुटे झाले, आणि एका शनिवारी सारं आटोपून नुसती दातांची कवळी आणि शेपटीचे मणी. पोरं पाटीवर काढून घेत. ज्याचं उत्तर तुला येई ते सांगायचास, येत नसेल तर म्हणायचास, मले नाही माहीत, पुढच्या शनिवारी पाहू. मास्तरानं "मले नाही माहीत" म्हणायचं, हे मी तुझ्याआधी कोणत्या मास्तराच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्या तर जिभेला ते वळतच नाही.

एका पोरीनं विचारलं होतं, "गुरुजी, याले दुखून राह्यलं काय?" तू बराच वेळ त्या मुंगसाकडं पाहिलंस. मग म्हणालास, "नाही. दुखणं संपलं, मंग हे सुरू झालं."

त्या वेळी मी रुमाल काढला होता. तुला दिसलं नाही, कारण तू पाठमोरा होतास. मुद्दाम सांगितलंही नाही. तू लगेच म्हणाला असतास, जिंकलो.

गावाचं मत काय पडलं ते तुला पाठ आहे, तरी भांडणात सगळं मोजावं लागतं. आमच्या आळीत म्हणाले, मास्तर पोरं बाटवतो. ते अपेक्षितच होतं. तुला खरा मार बसला तो तुझ्या वस्तीतून. पांढरे कपडे घालून तुम्ही लोक नागपूरला गेलते आणि दीक्षा घेऊन आलते, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणं तुमच्या माथी होतं, ते वस्तीनं एका बैठकीत टाकून दिलं. मेल्या ढोराला हात लावायचा नाही. आणि त्याच वस्तीतला शिकलेला पोरगा, पहिला मास्तर, लेकरांना मेलेली जनावरं दाखवत नेतो!

तुझी माय त्या दिवशी शाळेतच आली होती. मी पहिलीच्या वर्गातून ऐकत होतो. सारं गावच ऐकत होतं म्हण. ती म्हणाली, तुझ्या बापाचं खांदं दोरानं सोलून निघालं, त्याच्या अंगाचा वास मरेपर्यंत गेला नाही, ते सारं सोडलं कशासाठी? "आमी सोडलं आन् तू लेकरायले शिकवून राह्यला?"

तू खडू खाली ठेवलास. "बापाले ओढा लागलं, माय," तू म्हणालास. "पाहू कोनं देल्लं त्याले?"

तिनं तुझ्याकडं पाहिलं आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी वस्तीतली निम्मी पोरं शाळेत नव्हती. मी तुला म्हटलं, सोड आता हे, पोरं गेली तर शाळा जाईल, शाळा गेली तर तू जाशील. तू म्हणालास, शनिवार आहे, येतो का नाल्यावर. असा तू. बैलाला तरी कासरा लावता येतो.

बैलाचं नाव निघालं तर हिऱ्याचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे भांडण पुढं जात नाही.

हिऱ्या आमच्या घरचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा. असा बैल जिल्ह्यात झाला नाही. एकदा आर्णीच्या बाजारातून तो एकटाच मिठाची गोणी घेऊन घरी आला, आणि मीठ कमी भरलंय हे लक्षात आल्यावर परत गेला. तू या गोष्टीला कधीच हसला नाहीस. म्हणायचास, बैलाला बैल राहू दे, तेवढं पुष्कळ आहे.

उन्हाळ्याच्या तोंडी तो कोठ्यात, दावणीवरच मेला. पूर्वी असं झालं की दादा वस्तीत निरोप धाडी आणि दुपारच्या आत ढोर गावाबाहेरच्या हाडकीवर गेलेलं असे. आता निरोप गेला आणि निरोपच परत आला. येणार नाही. आमच्या घरात मेल्या ढोराला शिवायचं नाही, तुमच्यात आता ओढायचं नाही, मधे हिऱ्या. उन्ह वर चढत होतं. घारी आल्या, मग गिधाडं समोरच्या निंबावर येऊन बसली, दादा बाजेवर बसून त्यांच्याकडं पाहत होता. मला म्हणाला, तुझ्या दोस्ताले सांग. सांजपर्यंत बैल उचलला नाही तर वस्तीतल्या माणसाला गावात कोणी वावरात पाय ठेवू देणार नाही. आणि मास्तराच्या बदलीचा अर्ज उद्या जाईल, पार जंगलातल्या शाळेत.

हे मी तुला सांगायला आलो तेव्हा तुझ्या दारात वस्तीतला एक म्हातारा उभा होता, तुझ्या बापाच्या जोडीनं ज्यानं जन्मभर ओढलं तो. खांद्यावर दोर. तो म्हणत होता, एवढ्या एक बारीनं काय होते, घराघरात पोट आहे. त्याचं खोटं नव्हतं. तू दोन्ही हात पुढं करून त्याच्या खांद्यावरचा दोर काढून घेतलास, शाळेत आलास आणि खुंटीला टांगलास. मग तू तिसरीला भूगोल शिकवलास. विदर्भातल्या नद्या. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. पैनगंगा तू तीनदा सांगितलीस.

माझा पुतण्या वासू तुझ्या वर्गात होता, दादाचा मुलगा. शाळा सुटली तेव्हा खुंटीवर दोर नव्हता.

सुदाम, दोर तू दिलास की त्यानं घेतला? मी तुला हे किती वेळा विचारलं. तू दर वेळी चष्मा पुसायला घ्यायचास. आता चष्मा वहिनींच्या पेटीत आहे आणि मी अजून विचारतो आहे. वासूला विचारलं तर तो म्हणतो, आठवत नाही काका. तोही तुझाच विद्यार्थी.

वासू कोठ्यात शिरला. दादा ओरडला, "मागं हो. बाटशील." वासूनं हिऱ्याच्या मागच्या पायांना दोराचा फास घातला. तोंड न वळवता म्हणाला, "आपला आहे. ज्याचा असते तो माती देते." दादानं त्याच्या पाठीत अशी ठेवून दिली की मला उंबऱ्यावर लागली. पोरानं दोर सोडला नाही. दोन्ही टाचा शेणात रोवून ओढत राहिला. हिऱ्या बोटभरही हलला नाही. नऊ वर्षांचं पोर, तळहात सोलून निघाले, नाक वाहतंय, आणि ओढतंय. समोर निंबावर गिधाडं मान वाकडी करून बसलेली. मी खरं सांगतो, मी जागचा हललो नव्हतो. दादाही हलला नव्हता.

मग दादा उठला. मला वाटलं आता पोराचा हात मोडतो. त्यानं वासूच्या हातावरून आपला हात ठेवला आणि दोर धरला. "एकटा काय ओढतं बे," म्हणाला, "कंबर मोडंल."

मी तिसरा. पुढं सात हत्तींचं बळ लावलं असं मी गावभर सांगितलं, ते सोडून दे. शेजारचे दोन गडी शिव्या देत आले आणि त्यांनीही हात लावला. हाडकीवर नेलं नाही. आमच्याच वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी खड्डा काढला. तू पोरांना घेऊन दूर पळसाखाली उभा होतास, आमच्या आळीतली पोरं आणि तुझ्या वस्तीतली पोरं, जी शाळेत येत नव्हती तीसुद्धा. माती टाकून झाली तेव्हा वळून पाहिलं तर तू निघून गेला होतास. ते बरं केलंस. तू तिथं असतास तर दादानं तुलाच पुरला असता.

त्यानंतर दादा तुझ्याशी कधीच बोलला नाही. बदलीचा अर्ज मात्र गेला नाही, कारण घरात सरकारी अर्ज लिहिण्यासारखं अक्षर एकाचंच होतं आणि त्याची शाई संपली होती. पावसाळाभर संपलेली होती. हे तुला मी कधी सांगितलं नाही. आता कळलं तर कळू दे.

परवा तुझ्या मातीला दादा आला होता. लांब उभा राहिला. सगळे माती टाकून परतत होते तेव्हा वाकून त्यानं एक मूठ उचलली, पण खड्ड्याजवळ आला नाही. ती मूठ तशीच घेऊन घरी गेला. त्या मातीचं त्यानं काय केलं ते मला माहीत नाही. बघ, 'माहीत नाही' म्हणालो.

मी तुझा ऋणी आहे असं म्हणायची आपल्यात पद्धत नाही, आणि आभार मानले तर तू म्हणशील, याला ताप आला. पण वासूसारखी पोरं मी पाहिली आहेत. ती माझ्या गोष्टींना हसतात आणि वेळ आली की तुझ्यासारखं वागतात. माझी जन्मभराची मेहनत अशी तुझ्या पदरात पडते. एखाद्या माणसाचा राग यावा तर याचा यावा.

तरी तू जिंकलास असं मी लिहून देणार नाही. मुंगूस वेगळं, बैल वेगळा. बाप वेगळा. तू कधी कोणत्या लेकराला त्याच्या बापाजवळ नेऊन बसवलंस? ती वेळ तुझ्यावर आली नाही. माझ्यावर आणलीस. आणि लेकरू कोणाचं, तर तुझंच. पहिलीत, माझ्या वर्गात, पुढच्या रांगेत बसणारं. माझी एकूण एक थाप ज्याला पाठ आहे असं. तिला नागपूर सांगितलं तर ती रोज बसला जाऊन उभी राहील, हे मला दिसतं आहे. खरं सांगितलं तर तिचं काय होईल ते मात्र दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीत पाय टाकायची सवय तुला होती, मला नाही.

बाहेर पोरं ओरडताहेत. बस नाही, बाजारची बैलांची खाचर आहे. अजून वेळ आहे.

इथवर सकाळी लिहिलं. आता दिवस कलून गेला आहे, आणि जे झालं ते तुला सांगायला मीच उरलो आहे, तर ऐक.

बस उशिरा आली. थांब्यावर अर्धं गाव उभं होतं, सगळे सहज आल्यासारखे. सुजाता मामाच्या आधी उडी मारून उतरली. तेल लावून घट्ट वेण्या, मामीनं शिवलेलं नवं परकर-पोलकं. माझ्याकडं धावत आली आणि मुठीतली काडेपेटी उघडून दाखवली. आत सोनकिडा, मेलेला, पाठ अजून हिरवी चमकत होती. म्हणाली, मामाच्या बोरीखाली सापडला, बाबाले दाखवाचा आहे. मग आजूबाजूला पाहिलं. "काका, बाबा कुठी आहे?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. नागपूर जिभेवर आलं होतं. नुसतं नागपूर नव्हे. स्टेशन, गाडी, ट्रेनिंगवाल्या साहेबाच्या मिशा, सगळं तयार. तुझी माय मान हलवत होती, बोला मास्तर.

मी उकिडवा बसलो. "सुजाता," मी म्हटलं, "तुहा बाबा मेला. ताप आलता, तो उतरला नाही. आमी त्याले माती देल्ली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि हसली. "काका, फेकून राह्यले ना तुमी," म्हणाली, आणि उभी राहिली, पहिलीचा वर्ग उभा राहतो तशी, पुढं काय होतं ते ऐकायला. कासव कुठं येतं, मगर कुठं येते.

मी परत सांगितलं. ती परत हसली, पण थोडं कमी. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं तर कोणीतरी पुटपुटलं, मास्तरानं घोटाळा केला. तुझी माय कपाळावर हात मारून घेत होती. मामा म्हणाला, चाल सुजा, घरी चाल. पोर माझ्याकडं पाहत होती, अजून वाट पाहत.

वहिनी थांब्याच्या कडेला उभ्या होत्या. तू गेल्यापासून त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. त्या पुढं आल्या, पोरीचा हात धरला आणि "चाल" म्हणाल्या. घराच्या वाटेनं वळल्या नाहीत. नाल्याच्या वाटेनं निघाल्या.

तुझी माय मागून धावली. "कुठी नेतं वो पोरीले?"

"पाहाले," वहिनी म्हणाल्या.

तुझी माय सारी वाट बोलत होती. सुनेला बोलली, मला बोलली, तुला तर सगळ्यात जास्त. नाला उतरल्यावर गप्प झाली आणि सगळ्यांच्या पुढं झाली, कारण तुझ्या ढिगावर बाभळीचे काटे रचलेले आहेत. एका बाजूचे काटे तिनं हातानं ओढून काढले, कोणाला जवळ येऊ दिलं नाही. पोरीला बसण्यापुरती जागा केली.

सुजाता बसली नाही. आधी ढिगाभोवती एक फेरी मारली. मग मला विचारलं, डोकं कोणीकडं आहे. मी दाखवलं. अंगात सदरा आहे का. आहे म्हटलं, पांढरा. चष्मा? चष्मा घरी ठेवला. तिनं मान हलवली. मग ती डोक्याच्या बाजूला बसली, काडेपेटी मांडीवर ठेवली आणि तळहात मातीवर टेकला.

हात टेकवला तो उचलला नाही. थोड्या वेळानं तिनं मान वर केली. सुदाम, ते तोंड मी ओळखतो. गोष्टीत सगळं बुडायला आलेलं असतं आणि मास्तर आता ते वर काढणार, हे पोरांना कळतं, तेव्हा ती अशी पाहतात.

"काका," ती म्हणाली, "गरम आहे."

माझ्या तोंडात गोष्ट आली होती. इतकी सुंदर गोष्ट मला जन्मात सुचली नव्हती, पुढंही सुचणार नाही. वहिनी माझ्याकडं पाहत होत्या. तुझी मायसुद्धा, हातात काटे घेऊन, बोला म्हणून पाहत होती. ती गोष्ट त्या दोघींनाही हवी होती.

"उन्ह आहे, बाई," मी म्हटलं. "दिवसभर उन्ह पडलं. उन्हानं तापली."

तिनं हात तसाच ठेवला. उन्ह ढिगावरून सरकलं, नाल्यावर गेलं, पलीकडच्या तुरीवर गेलं. कोणी उठा म्हटलं नाही. माती निवाली तेव्हा तिनं हात काढला, आणि मग ती रडली.